मिठागरावर परत नेणाऱ्या नजमाबाई

आमच्या लॅबमध्ये मोबाइल चालत नाही, म्हणून नजमाबाई गेल्याचं मला शिफ्ट सुटल्यावर कळलं. धाटावला कंपनीच्या बसमध्ये बसून मोबाइल सुरू केला, तर त्यांच्या सुनेचे, शबानाचे, सात मिस्ड कॉल. मी लावला. "अम्मी सकाळीच गेल्या गो..." एवढंच ती बोलली. मी रोह्यात त्यांच्या घरी पोचले तेव्हा पुरुषमाणसं कबरस्तानातून परतत होती. मी आत बायकांमध्ये जाऊन बसले. ही कोण, असं कुणी विचारलं नाही. नजमाबाईंकडे कोण कोण येतं हे त्या घराला ठाऊक होतं. नजमाबाईंना जाऊन आता दीड महिना झाला.

नजमाबाई शाळेत शिक्षिका होत्या. रिटायर झाल्यावर बायका नातवंडं सांभाळतात, या मुंबईला जाऊन संमोहन उपचार शिकून आल्या. आळीत काही जण त्यांना जादूवाली बाय म्हणत. त्या हसायच्या. "जादू येत असती तर आधी माझे गुडघे नसते का बरे केले?"

मी पेण तालुक्यातल्या खाडीकाठच्या गावची. आईबाबा मिठागरात कामाला. आमच्या घरातली पहिली ग्रॅज्युएट मीच, पेणच्या कॉलेजातून केमिस्ट्री घेऊन बीएस्सी. मग धाटावच्या एका कंपनीत लॅबमध्ये लागले आणि रोह्यात खोली घेतली. काम आवडीचं होतं, पण तिथंच माझं बिनसलं. ब्युरेट नावाच्या काचेच्या नळीतून थेंब थेंब सोडायचा, रंग बदलला की त्याच थेंबाला थांबायचं. एक थेंब जास्त झाला की सगळं पहिल्यापासून. इन्चार्ज सर मागं उभे राहिले की माझा हात थरथरायचा, छाती धडधडायची, वाटायचं आता मी इथंच मरणार. पेणच्या डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या. हृदय ठणठणीत, हे घाबरण्याचं दुखणं आहे, म्हणून गोळ्या दिल्या. गोळ्यांनी मला झोप यायची. एकदा ॲसिडची बाटली हातातून निसटता निसटता राहिली. तीन महिन्यांनी कायम करायचं की घरी पाठवायचं हे ठरणार होतं. माझ्याकडे बघून आमच्या गावात तिघींच्या बापांनी मुलींना कॉलेजात घातलं होतं. मी परत गेले असते तर त्या तिघींचं काय झालं असतं, ते मला माहीत होतं.

नजमाबाई मला एसटीत भेटल्या. पेणहून रोह्याला येताना वडखळ सोडल्यावर मला एकदम ते सुरू झालं. श्वास पुरेना. मी कंडक्टरला बेल मारायला सांगू लागले. शेजारच्या बाईंनी माझ्या मनगटावर हात ठेवला.

"उतरायचं हाय? उतरू. मी पण उतरते. फक्त पुढची यष्टी कवा हाय तेवढं इचारून घेऊ."

मला हसू आलं. आणि हसायला श्वास लागतो... तो आला. नागोठण्यापर्यंत मी त्यांना सगळं सांगून टाकलं होतं.

त्यांनी पहिली अट घातली, डॉक्टरांना विचारून ये. डॉक्टर म्हणाले, करून बघ, गोळ्या मी सांगेन तशा कमी करायच्या. मग मी त्यांच्या मागच्या खोलीत गेले. आमच्याकडे जत्रेत मोहिनीविद्येचे खेळ बघितलेले, म्हणून आधीच विचारून घेतलं. "मी बेशुद्ध पडणार? काय पण बोलून जाईन?"

"नाय गो. बाहेर कोंबडी ओरडली तरी तुला ऐकू येईल. नको वाटलं तर उठ नि चालू पड. दार उघडंच हाय."

डोळे मिटायला सांगून त्यांनी विचारलं, कुठं तुला अजिबात भीती वाटत नाही? मी म्हटलं, महाबळेश्वर. शिकलेल्या मुलीनं असंच काहीतरी सांगायचं असतं, असा माझा समज. त्या बिचाऱ्या दोन खेपा मला महाबळेश्वरला नेत राहिल्या. थंड वारा, धुकं... काही फरक नाही. तिसऱ्या खेपेला त्यांनी मध्येच थांबून विचारलं, "कवा गेली होतीस तिथं?"

"गेलेच नाही."

"मग सर्दी करून घ्यायला बसलीस का तिथं? खरी जागा सांग."

मग तोंडातून निघालं, मिठागर. कंपनीत मी मिठागर लपवून बाबांचा बिझनेस आहे असं सांगितलं होतं. आणि नजमाबाई ज्या जागेचा पत्ता विचारत होत्या, ती तीच निघाली. दुपारचं ऊन, पायाखाली तापलेला बांध, बांधावर पुस्तक घेऊन बसलेली मी, समोर आई फावड्यानं मीठ ओढतेय, पाण्यावर सायीसारखा पातळ थर धरतोय. त्याला कुणी घाई करत नाही. मी खूप रडले. त्यांनी रडू दिलं.

त्या दिवसापासून त्या मला दहापासून एकपर्यंत मोजत बांधावर उतरवू लागल्या. अंगठा आणि बोट जुळवून मिठाची खोटीच चिमूट धरायला शिकवली. चिमूट धरली की बांध आठवायचा. रोज दोनदा घरी करायचं, चुकवलं की शाळेतल्यासारख्या ओरडायच्या. एक दिवस लॅबमध्ये पुन्हा धडधड झाली, तेव्हा मी फोन करून म्हटलं, "तुमचं काही चालत नाही."

"किती वेळ होती?"

"पाच मिनिटं."

"आधी किती असायची?"

"अर्धा तास..."

"मग? गणित येतं ना बीएस्सीला?"

माझ्या गोळ्या डॉक्टरांनीच हळूहळू बंद केल्या. पण गोळ्यांना वाईट म्हटलेलं नजमाबाईंना खपायचं नाही. एक गृहस्थ परस्पर गोळ्या सोडून आले, तर त्यांना स्वतः रिक्षात घालून त्या डॉक्टरकडे घेऊन गेल्या. हे माझ्या हातचं नाय, असं स्पष्ट सांगायला मोठी हुशारी लागते.

ते तीन महिने भरले तेव्हा इन्चार्ज सर मागं उभे राहिले. डाव्या हातात चिमूट, उजवा हात ब्युरेटवर. फिका गुलाबी रंग आला आणि मी त्याच थेंबाला थांबले. सर म्हणाले, "गुड. वडिलांचा बिझनेस आहे ना?" मी म्हटलं, "नाही सर, मिठागरात कामाला आहेत. आईपण."

"अरे! मग मिठाचं सँपल यापुढे तुझ्याकडेच."

गेल्या शुक्रवारी शबानाकडे गेले. तिनं मागची खोली उघडून दिली आणि चहा टाकायला गेली. वेताच्या खुर्चीची बैठक मध्ये खचली आहे, आमच्यासारख्यांनीच ती खचवली. एकदा मी त्यांना म्हटलं होतं, तुमचा आवाज मोबाइलमध्ये भरून द्या. त्यांनी साफ नाही म्हटलं होतं, तेव्हा मला रागच आला होता. मी खुर्चीत बसले, डोळे मिटले. मोजायला सुरुवात केली. आवाज माझाच होता, तोही कॉलेजातला नाही, आमच्या गावातला... दहा, नव, आठ... उतर गो, हळू उतर.

डोळे उघडले तेव्हा शबाना कप घेऊन दारात उभी होती.

"अम्मी सांगून ठेवायच्या, खुर्चीत कोण असला तर हाक मारू नको, चाय झाकून ठेव."

मी कपावरची बशी काढली. चहा अजून गरम होता.