वानरांचा रस्ता आणि मागची भिंत

मंगरूळपीरला कोर्टात कारकून असताना मी दोन खणांचे मातीचे घर विकत घेतले. दुरुस्तीसाठी चाळीस रुपये बाजूला ठेवले होते. पंधरा छपराच्या कवेलूंना आणि उरलेले स्वयंपाकघराच्या मागच्या भिंतीला, असा हिशोब होता. भिंत शेजारच्या अंगणाकडे कलली होती. पावसाळ्याआधी ती नवी बांधतो, असे मी बायकोला कबूल केले होते.

छप्पर आधी झाले. पुढच्याच शनिवारी त्यावरून वानरांची टोळी धावली.

शेजारच्या काकूंची भाजीपाल्याची वाडी होती. मारुतीचा वार म्हणून त्या दर शनिवारी अंगणात वानरांना उकडलेले हरभरे घालत. टोळी माझ्या दारापुढच्या निंबावर राही. निंबापासून हरभऱ्यांपर्यंत सरळ रस्ता माझ्या छपरावरून होता. वानराला दगड मारायची गावात कोणाची छाती नव्हती, माझीही नव्हती. फुटलेले कवेलू बदलले, ते पुन्हा फुटले. भिंतीचे पैसे असे एकेका शनिवारी छपरावर चढले.

शेवटी मी काकूंकडे गेलो. "काकू, तुमचा देव माह्या कवेलूवरून येऊन राह्यला."

"मंग? त्याले काय दारातून बोलावू?"

"खर्च मले पडते."

"पुण्यबी तुमालेच पडते, बाबू. मी त्याचे पैसे मांगतले काय?"

घरी हे सांगितल्यावर बायको म्हणाली, "पुण्य झालं असन तं आता भिंतीचं पाहा."

भिंतीचे पाहायला पैसे उरले नव्हते. आषाढात एका दुपारी ती पडली. बाहेरच्या बाजूला पडली म्हणून कोणाला लागले नाही. काकूंच्या वांग्याच्या रोपांचा वाफा मात्र गाडला गेला.

काकू ढिगाऱ्यापाशी आल्या. "काहो बाबू, हे काय?"

मी काही बोलण्याआधी बायको चुलीपाशी बसूनच म्हणाली, "देव आला काकू. आज इकून आला."

काकूंनी तिच्याकडे पाहिले. मग त्या अशा हसल्या की त्यांना ढिगाऱ्यावरच टेकावे लागले.

पाऊस सरेपर्यंत भिंतीच्या जागी तुराट्यांचा, तुरीच्या वाळक्या काड्यांचा, कूड लावला. दिवाळीनंतर काकूंच्या वाडीतल्या मजुरांनी त्याच मातीची भिंत उभी केली. मजुरी काकूंनी दिली, भाकरी आम्ही घातल्या. शनिवारचे हरभरे चालूच राहिले.

त्यानंतर दुरुस्तीच्या खर्चात वानरांचे कवेलू मी वेगळे धरू लागलो. भिंतीचे पैसे बायको स्वतःजवळ ठेवू लागली.