लिंबायतमधली गार्गँच्युअन पंगत

इंग्रजी शिकवणाऱ्याला किस्से जमवावे लागत नाहीत, ते आपोआप साठतात. लिंबायतमध्ये दर रविवारी सकाळी मी मोठ्या माणसांचा स्पोकन इंग्लिशचा क्लास घेते. एकदा मला हुक्की आली आणि मी जुन्या गोष्टींमधल्या पात्रांवरून इंग्रजीत आलेले शब्द शिकवायला घेतले. म्हटलं, गोष्ट लक्षात राहिली की शब्दही राहील.

शब्द राहिले. फक्त क्लासपुरते राहिले नाहीत.

*

'गार्गँच्युअन' हा एका फ्रेंच कादंबरीतल्या खादाड, महाकाय माणसावरून आलेला शब्द. अर्थ, अवाढव्य. आमच्या क्लासमधले भास्करभाऊ कापड विणायचे लूम दुरुस्त करतात, त्यांना तो फार आवडला. भेस्तानला एका लग्नात पंगतीवरून उठताना त्यांनी यजमानांना मनापासून सांगितलं, "जेवण एकदम गार्गँच्युअन होतं."

यजमानांचा चेहरा पडला. "गार? अहो, पुऱ्या तर कढईतून थेट पानात पडत होत्या."

*

'पँग्लॉसियन' म्हणजे काहीही झालं तरी ते भल्यासाठीच झालं, असं मानणारा. हाही एका कादंबरीतल्या गुरुजींवरून आला. पावसाळ्यात खाडीचं पाणी भास्करभाऊंच्या घरात शिरलं. ओसरल्यावर मी गेले, तर घरभर चिखल आणि भाऊ म्हणत होते की बरं झालं, कानेकोपरे धुऊन निघाले. मी वहिनींना हा शब्द अर्थासकट सांगितला.

त्यांनी भाऊंच्या हातात खराटा दिला. "धरा. हेही भल्यासाठीच."

*

क्लासमधल्या विमलताईंच्या नवऱ्याने चलथाणला साखर कारखान्याच्या दारातच उसाच्या रसाची गाडी लावायचं मनात घेतलं. तिथे येणारा जाणारा फुकट ऊस चघळत असतो, हे ताईंनी परोपरीने सांगून पाहिलं. शेवटी म्हणाल्या, "तुम्ही अगदी क्विक्झॉटिक आहात." म्हणजे स्वप्नांमागे धावणारे.

त्यांना त्यातलं 'क्विक' तेवढं कळलं. खूश होऊन त्याच संध्याकाळी गाडी ठरवून आले.

*

याच विमलताई वर्षानुवर्षं घरी बसून साड्यांना लेस लावायच्या. काम सासूबाईंनी शिकवलेलं. क्लास मात्र सासूबाईंना मुळीच पसंत नव्हता. ताईंना साड्यांच्या कारखान्यात सुपरवायझर व्हायचं होतं, पण पहिल्या इंटरव्ह्यूत इंग्रजीच्या धास्तीने तोंडच उघडलं नाही आणि त्या रडत परत आल्या.

दुसऱ्यांदा गेल्या, तेव्हा साहेबांनी इंग्रजीत विचारलं, तुमचे मेंटॉर कोण? हा शब्द आम्ही नुकताच केला होता. एका ग्रीक महाकाव्यात ज्ञानाची देवी म्हाताऱ्या माणसाचं रूप घेऊन एका तरुणाला वाट दाखवते. तो म्हातारा म्हणजे मेंटॉर.

ताई म्हणाल्या, "माय मदर-इन-लॉ." मग सासूने सुई धरायला कसं शिकवलं, चुकलेली लेस न ओरडता कशी उसवायला लावली, ते मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगत सुटल्या. नोकरी मिळाली.

घरी येऊन सासूबाईंपुढे पेढा ठेवला, पाया पडल्या आणि सगळं सांगितलं. देवीची गोष्टसुद्धा. सासूबाईंनी डोळ्यांना पदर लावला.

मग पदर खाली घेऊन हळूच गावाकडच्या बोलीत विचारलं, "मी म्हतारी दिखस का?"