शमुवेलकाका आणि माझी सही

शमुवेलकाकांचे किस्से आम्ही चर्चच्या फाटकाबाहेर, स्कूटरला टेकून सांगतो. सांगायच्या आधी मागे वळून बघतो. काका रिटायर होऊन वर्षं झाली, तरी बघतो! मोठ्याने सांगायची हिंमत नाही, म्हणून तर इतके साचलेत.

काका आमच्या चर्चचे पंच आणि नाशिकला सातपूरच्या एका कारखान्यात प्रेस शॉपचे, म्हणजे पत्रा दाबायच्या खात्याचे, फोरमन. नव्वदच्या दशकात मी तिथे त्यांच्या हाताखाली टेम्पररी होतो. पहिल्याच दिवशी म्हणालो, "सलाम, काका."

"इथे साहेब म्हणायचं!"

रविवारी चर्चमध्ये घाबरत म्हणालो, "सलाम, साहेब." चारचौघांत त्यांनी मला मिठीच मारली. "अरे, प्रभूच्या घरात कसला साहेब? आपण सगळे भाऊ!"

*

उपवासकाळात काकांनी चाळीस दिवस चहा सोडला. प्रेस शॉपमध्ये आमचाही बंद केला! शेजारच्या मशीनवरचा पवार म्हणाला, "साहेब, मी हिंदू आहे."

"मग श्रावणाची सवय असेलच!"

*

गुड फ्रायडेला आमच्याकडे क्रुसावरच्या सात उद्गारांवर सात जण बोलतात. क्षमेचा उद्गार दरवर्षी काकांकडे. बोलता बोलता रडायचे, बायका डोळ्यांना पदर लावायच्या. एका वर्षी मी सुट्टी मागितली.

"कशाला?"

"तुमचं क्षमेवरचं ऐकायचंय, साहेब."

"माल अडलाय. कॅसेट देतो!"

*

टेम्पररीला सात महिने झाले की ब्रेक, म्हणजे घरी. परत बोलवायचं की नाही, ते साहेबांच्या हातात. खांद्यावर हात ठेवून ते म्हणाले, "तुझ्यासाठी प्रार्थना करतोय हं," की समजायचं, हा गेला! एकदा तो हात पवारच्या खांद्यावर पडला. पवार काकुळतीला आला, "साहेब, माझ्यासाठी नका करू! मला पोरंबाळं आहेत!"

कुणीही हसलं नाही. माझाही सातवा महिना चालू होता आणि बायकोला आठवा.

*

हा शेवटचा.

प्रेसला दोन बटणं असतात. दोन्ही हातांनी दाबली तरच मशीन खाली येतं, म्हणजे हात आत राहत नाही. माल लवकर निघावा म्हणून साहेबांनी माझ्यासमोर एक बटण दाबून वायरने बांधायला लावलं. पेठ तालुक्याकडचा हिरामण त्या मशीनवर होता. त्याची दोन बोटं गेली.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावून कागद पुढे केला. 'बटण हिरामणने स्वतःच बांधले, हे मी पाहिले.' मग शांतपणे विचारलं, "बाळंतपण जवळ आलंय ना?"

मी सही केली. माझा ब्रेक टळला.

रविवारी चर्च सुटल्यावर मोसंबी घेऊन दवाखान्यात गेलो. जिना चढताना एकच विचार. त्याला कळलं असेल तर? तोंडावर थुंकेल! पण कागदाचं त्याला अजून कुणी सांगितलं नव्हतं. मला बघून हिरामण उठून बसला आणि बायकोला म्हणाला,

"हाच तो. चर्चला जातो, खोटं नाय बोलायचा. म्हणून मीच साहेबाला सांगितलं, साक्षीला याचंच नाव घाला."