दूध संस्थेतले समुद्रवाले सर

सर मनगटावरच्या घड्याळाकडे बघायचे आणि म्हणायचे, "आत्ता तिकडं ओहोटी लागली असेल."

इकडे कळंब तालुक्यात दुष्काळानं विहिरींचे तळ उघडे पडलेले. दूध संस्थेच्या पत्र्याखाली बायामाणसं किटल्या घेऊन उन्हात ताटकळलेली. ओळीतली एखादी म्हातारी विचारायची, "काय लागलं म्हणता, सर?"

"काय न्हाय मावशी. किटली पुढं करा."

सर म्हणत सगळे, पण ते शिकवत कुठंच नव्हते. समुद्रकाठच्या खडकांना चिकटून राहणाऱ्या शिंपल्यांवर, कालवांवर त्यांनी तरुणपणी संशोधन केलं होतं. पाणी मागं हटल्यावर हे जीव उन्हात तग कसा धरतात, हा त्यांचा विषय. वडील वारले, आई अंथरुणाला खिळली, म्हणून थोडे दिवस रजा काढून गावी आले. त्याच सुमारास संस्था निघाली. वरच्या कचेरीशी लिखापढी करणारा दुसरा माणूस गावात नव्हता, म्हणून ह्यांनाच सचिव केलं. पुढं आई गेली. सचिवपद राहिलं.

मी कोकणातला. चौथीत शाळा सुटली. ट्रकवर क्लीनर होतो. उमरग्यात तापानं फणफणलो तेव्हा ड्रायव्हरनं दवाखान्याच्या पायरीवर उतरवलं आणि गाडी काढली. सर मावसभावाला बघायला तिथं आले होते. माझं बोलणं कानावर पडलं तसे जवळ बसले. "कुठल्या बंदरावरचा रे तू?" एवढंच विचारलं. बरा झाल्यावर संस्थेत कामाला लावलं. आजवर जे दोन घास खाल्ले ते त्या एका प्रश्नावर.

पोस्टमन त्यांची परदेशी शिक्क्यांची कार्डं आणायचा. कुठले कुठले शास्त्रज्ञ लिहायचे: तुमच्या निबंधाचा आधार आमच्या लेखात घेतलाय, एक प्रत पाठवा. प्रती होत्या तोवर सरांनी पाठवल्या. मग संस्थेच्या छापील कागदावर "शिल्लक नाही" असं कळवू लागले. गावाला मात्र प्रत्येक कार्ड म्हणजे नोकरीचं बोलावणं वाटे. चेअरमन आबा कार्ड उलटंसुलटं करून बघत.

"सर, ह्यो गोरा काय म्हणतो?"

"माझा जुना लेख मागतोय, आबा."

"आज लेख मागतोय, उद्या तुमाला मागंल."

आणि एका वर्षी खरंच बोलावणं आलं. किनाऱ्यावरच्या एका संशोधन केंद्रात जागा निघाली होती. सरांनी वार्षिक सभेत मोकळं करा म्हणून विनंती केली. आबा उठले. "ज्या माणसाचं नाव साता समुद्रापल्याड छापत्यात, त्याची कदर आपल्याच गावानं करू न्हाय व्हय?" टाळ्या पडल्या. अभिनंदनाचा ठराव झाला आणि त्यालाच जोडून सरांची सचिव म्हणून फेरनिवड. बिनविरोध. सर बोलायला तोंड उघडतात तोच कुणीतरी पेढा भरवला. हार गळ्यात तसाच ठेवून त्यांनी स्वतःच्या निवडीचा ठराव स्वच्छ अक्षरात लिहून काढला. लिहिणार दुसरं कोण?

प्रेमानं बांधून घातलेला माणूस तुम्हीही कुठंतरी पाहिला असेल. त्याला दावं तोडता येत नाही, कारण पलीकडचं टोक धरणाऱ्यांचे डोळे भरलेले असतात.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला समोर बसवलं. "कोकण्या, इतिवृत्त लिहायला शीक. तुला जमलं की मी सुटलो."

नाही जमलं तर सर अडकणार. जमलं तर सर जाणार, मग मला इथं कोण? ते मात्र चिडत नसत. खाडाखोड करून पान परत द्यायचे. "आबा बोलले ते नको लिहू. ठरलं काय ते लिही. बस पुन्हा."

अशीच वर्षं गेली. एकदा एक तरुण संशोधक एसटीनं शोधत आला. पिशवीतून लेखांची चळत काढून म्हणाला, "सर, या विषयावरचं सगळं लिखाण तुमच्यापासून सुरू होतं. मला वाटलं होतं, तुम्ही हयात नसाल."

सर हसले. लेखांच्या शेवटी दिलेल्या संदर्भांत आपल्या नावावर बोट ठेवत गेले. "सगळ्यांनी एकच निबंध घेतलाय," म्हणाले. "बरोबर आहे. दुसरा आहेच कुठं?" आणि कॅन भरले का ते बघायला उठून गेले.

त्यानंतर काही महिन्यांनी माझं एक पान त्यांनी न खोडता ठेवून घेतलं. "झालं तुझं. आता त्या केंद्राकडं अर्ज करतो." केलाही. वय उलटलंय, असं उत्तर आलं. मला तेवढं सांगितलं, आबांना नाही. पुन्हा तो विषय काढला नाही.

थंडीत एका सकाळी संस्थेचं दार उघडलं नाही. सर झोपेतच गेले होते.

शोकसभेला अख्खं गाव जमलं. आबा बोलायला उठले. सवयीनं उजवीकडं बघून म्हणाले, "घ्या लिहून." खुर्ची रिकामी होती. मग एकेक मान माझ्याकडं वळली.

मी खुर्चीत बसलो नाही. टेबलापाशी उभा राहिलो.

"लिही पोरा," आबा म्हणाले, "संस्थेनं सरांना मोकळं केलं."

मी तसंच लिहिलं. कुणाची काही हरकत आहे का, हे विचारायची पद्धत असते. ते मला विचारवलं नाही.