एका दाताचा फरक

“आधी खूण, मग पाना. आठवणीवर भरवसा ठेवणारा मेकॅनिक मला दाखव, मी तुला त्याच्या गॅरेजला लागलेलं कुलूप दाखवतो,” असं माझा मामा एकदा म्हणाला होता.

त्याच्या वरच्या खिशात पिवळ्या ऑइलपेंटची चपटी डबी असायची आणि बायका ज्यानं काजळ घालतात तेवढासा ब्रश. कुठलाही नट सोडवायच्या आधी तो दोन्ही भागांवरून एक रेघ ओढायचा. जोडताना रेघ रेघेला मिळाली की काम बरोबर. आई म्हणायची, “लग्नात याची डबी मी लपवून ठेवली होती. म्हटलं, बायकोवरही रेघ मारायचा आणि म्हणायचा, परत जुळवायला बरं.”

बाबांचा लेथ त्याच गॅरेजच्या मागच्या खोलीत होता. मधे नुसती चौकट, दार नाही. मामा खोलायचा, बाबा कातायचे, मामा जोडायचा. बाबा कमी बोलत आणि सगळं मोजत. “दाजी, चहा पिताय की मापताय?” मामा चौकटीतून विचारायचा. बाबा कपावरून नजर न काढता म्हणायचे, “तुझ्या बहिणीनं दिलेला आहे. मापूनच प्यावा लागतो.” खूण करायची तर तेही करत, पण रंगानं नाही. टोकदार पंच ठेवून हातोडीचा एक हलका ठोका, म्हणजे लोखंडावर मोहरीएवढा ठिपका. रंग उडतो, असं त्यांचं म्हणणं होतं.

डॉक्टरीणबाईंची जुनी काळी गाडी त्या दोघांकडेच यायची. बाईंच्या वडिलांची गाडी, बटाट्यासारखे गोल दिवे, दारं बंद होताना तिजोरीसारखा आवाज. अशा गाडीच्या पोटाखालून एक लांब दांडा इंजिनाचा जोर मागच्या चाकांपर्यंत नेतो. त्याच्या दोन्ही टोकांना एकेक जॉइंट असतो, आणि जॉइंटमध्ये अधिकच्या चिन्हासारखा क्रॉस. ते क्रॉस कोरडे पडून झिजले होते. गाडी सुटली की खालून टक् असा आवाज यायचा. मामानं ठरवलं की पुन्हा तसलेच घालायचे नाहीत. थोडे जाड, ग्रीस भरता येईल असे घालायचे. त्यासाठी दांड्याच्या टोकांची भोकं लेथवर मोठी करायला हवी होती.

त्या दिवशी मामा दुसऱ्या एका इंजिनात कोपरापर्यंत अडकला होता. त्यानं दांडा गाडीतून काढला आणि अख्खाच बाबांकडे दिला. असा दांडा दोन तुकड्यांचा असतो. एक तुकडा दुसऱ्यात दातांवर सरकत बसतो, आणि तो ठरावीक दातावरच बसायला हवा, म्हणजे दोन्ही टोकांचे जॉइंट एका ओळीत राहतात. एरवी हे तुकडे मामा वेगळे करायचा. त्या दिवशी बाबांनी केले. आधी दोन्ही तुकड्यांवर समोरासमोर एकेक ठिपका मारला, मग ओढून काढले. भोकं कातली, तुकडे पुसले, दातांना ग्रीस लावलं आणि मामाच्या टेबलावर ठेवून दिले. केलेलं काम सांगायची त्यांना सवय नव्हती. मामानं तुकड्यांवर पिवळी रेघ शोधली. ती नव्हती. आपण खोललं नाही, मग खूण कुठली असणार, असं म्हणून त्यानं अंदाजानं तुकडे एकमेकांत सरकवले.

हे सगळं अर्थात नंतर कळलं. त्या दुपारी एवढंच कळलं की गाडी थरथरते. बाई चालवत होत्या, मामा शेजारी, बाबा आणि मी मागे. वेग वाढला तशी पायाखालची पत्र्याची जमीन बडबडायला लागली. आरशात मागून येणारा प्रत्येक ट्रक दुहेरी दिसत होता. मामा मान वळवून म्हणाला, “दाजी, हात हलला तुमचा.”

त्या वर्षी बाबांचा कप बशीवर ठेवताना किंचित वाजायचा. घरात सगळ्यांनी ऐकला होता, कुणी बोललं नव्हतं. मामानंही ऐकला होता.

गॅरेजमध्ये परतल्यावर बाबांनी चारही भोकं पुन्हा मोजली. “माप बरोबर आहे,” ते म्हणाले.

“माप घेणारा हात तोच ना?” मामा म्हणाला.

बाईंसमोर म्हणाला. बाबांनी मापपट्टी पुसून डबीत ठेवली.

भांडण असं झालंच नाही. बाबा त्यानंतर प्रत्येक वस्तू पाच पाच वेळा मोजायला लागले. गिऱ्हाईक ताटकळायचं आणि पुढच्या खेपेला दुसरीकडे जायचं. दीड वर्षात लेथ विकला गेला. बाबा एका तांत्रिक शाळेच्या भांडारात लागले. मुलांना हत्यारं द्यायची, संध्याकाळी परत घ्यायची. मामा आमच्याकडे यायचा बंद झाला. आधी तोऱ्यात, मग सवयीनं. बाईंनी गाडीवर कापड टाकलं.

अकरा वर्षांनी, गेल्या महिन्यात, ती गाडी कुणीतरी विकत घेतली आणि मामाकडेच आणली. मी माझ्या स्कूटरचा ब्रेक दाखवायला गेले होते. गाडीखालच्या खड्ड्यातून मामाचा आवाज आला, “ठमे, खाली ये जरा.”

त्यानं दांडा बाहेर काढून कठड्यावर ठेवला होता. रॉकेलनं धुतला होता. जुनं ग्रीस गेल्यावर सरकत्या जागी दोन ठिपके उघडे पडले होते. एक इथे, आणि दुसरा एक दात सोडून तिथे.

“हे कुणाचे?” मी विचारलं.

“तुझ्या बापाशिवाय कोण मारतं असे?” तो म्हणाला. बराच वेळ तो अंगठ्यानं ते ठिपके चोळत राहिला, जणू पुसले जातील.

मग त्यानं तुकडे ओढले, ठिपक्यासमोर ठिपका आणून बसवले. भोकं तीच, क्रॉस तेच. आम्ही गाडी मोठ्या रस्त्यावर काढली. काटा ऐंशीवर गेला. आरशातला रस्ता धुतल्यासारखा स्थिर होता. मामानं गाडी वळवली ती थेट आमच्या घराकडे.

“मी सांगणार आहे,” तो म्हणाला. “हात हलला नव्हता, चूक माझी होती. तू मधे बोलायचं नाहीस. माझं मला बोलू दे.”

आईनं दार उघडलं. “कोण पाहिजे?” तिनं विचारलं, आणि मग, “वाळलास किती रे मेल्या,” म्हणून आत चहा टाकायला पळाली.

बाबा खिडकीशी चष्मा पुसत बसले होते. मामाला पाहून त्यांनी शेजारच्या खुर्चीवरचे कपडे उचलले. “बस.”

“दाजी, ती काळी गाडी आलीय,” मामा म्हणाला.

“मला वाटलंच होतं, तीच तुला इकडे आणेल.” बाबा हसले. “आधी माझं ऐक. फार दिवस सांगायचं होतं. तुझा राग आला होता मला, खूप आला होता. पण तू बोललास म्हणून मी थांबलो. परका बोलला असता तर पटलं नसतं. असाच कातत राहिलो असतो आणि कुणाच्या तरी गाडीत जीव गेला असता. तो दोष घेऊन झोप लागली नसती रे. आता लागते.”

मामा खुर्चीच्या कडेवर टेकला.

“आणि हे बघ,” बाबांनी उजवा पंजा उजेडात धरला. “काम सोडलं तसा हातही शांत झाला. हलतोय का? नीट बघ.”

मामा वाकून त्या पंजाकडे बघत राहिला. पंजा अजिबात हलत नव्हता. आतून आईनं साखर किती म्हणून विचारलं. मामा उठला, माझ्याकडे न बघता दारापर्यंत गेला, चपला पायांत सरकवल्या आणि ठिपक्यांचं काही न सांगता जिना उतरून गेला.