काकण आणि पाठमोरी खुर्ची

डिचोलीत गेल्या पंचवीस वर्षांत जन्मलेल्या पोरांपैकी निम्म्यांच्या पाठी कमलाक्षीच्या हाताखालून गेल्या आहेत, असं म्हटलं तर कुणी वाद घालणार नाही. बाळ-बाळंतिणीला न्हाऊ घालणं हे तिचं काम. सकाळी खोबरेलाची बाटली पिशवीत टाकून निघायची, न्हाणीत पाटावर बसून पाय लांब पसरायची, आणि पोराला नडग्यांवर पालथं घालून अशी चोळायची की पहिलटकरणीचा जीव दारातच अर्धा व्हायचा. पोर टाहो फोडायचं. आई म्हणायची, मावशी, पुरे आता. कमलाक्षी मान वर न करता म्हणायची, "रडतंय ना? मग बरं आहे. रडणाऱ्या पोराला काही होत नाही बाये, गप्प पोराकडे लक्ष ठेवावं."

बाई फटकळ होती, खोटं कशाला बोला. पण हाताला गुण होता, म्हणून तिचा फटकळपणा लोक चहाबरोबर गिळायचे. एकच गोष्ट तिला कुणी सांगितली तरी ती करत नसे. पोर मांडीवर घेऊन गाडीत बसत नसे. डॉक्टरकडे जायचं असलं, देवाला जायचं असलं, ती म्हणायची, तुम्ही व्हा पुढे, मी बसने येते. जुनी माणसं तिला का म्हणून विचारत नसत, आणि नव्यांना माहीत नव्हतं.

माहीत असण्यासारखं होतं ते हे. गोवा राज्य झालं त्या साली, म्हणजे सत्त्याऐंशीत, पाऊस धरायच्या आधी, कमलाक्षी आपल्या दहा महिन्यांच्या ज्योतीला घेऊन पेडण्याला माहेरी निघाली होती. गावातल्याच कुणाची जीप होती. ही पुढे बसलेली, पोर मांडीवर, दोन्ही हातांची घट्ट मिठी. पुढच्या ट्रकने ब्रेक मारला, जीप त्याच्यावर गेली. कमलाक्षीच्या कपाळाला तीन टाके पडले. ज्योती तिच्या हातातून समोरच्या काचेवर गेली आणि तिथेच संपली. गावाने हळहळ केली आणि हळूच एक वाक्य चिकटवून दिलं, की बाईचा हात सुटला. नवऱ्यानेही एकदा म्हटलं. हात सुटला नव्हता. हात होता तसाच होता, पोर त्यातून गेलं. पण हे सांगून पटणार कुणाला, म्हणून तिने ते पोटात ठेवलं.

असं सगळं असताना ती दोन हजार अकरात कारापूरच्या विनोदिनीवहिनींच्या घरी जाऊ लागली. वहिनींची सून सेजल पणजीला बँकेत. मुलगा साईश जहाजावर, वास्कोहून चढला की सहा-सहा महिने पत्ता नाही. त्यांच्या बाबूला कमलाक्षीने पहिल्या आंघोळीपासून हाताळलेलं. बाबू आठ महिन्यांचा झाला, खाली दोन दात आले, आणि घरात दोन वाद एकाच आठवड्यात उभे राहिले.

पहिला खुर्चीचा. साईशने सिंगापूरहून दोन फोटो पाठवले होते. गाडीत मूल बसवायच्या खुर्च्या, यातली कुठली आणू? एक निळी, देखणी, मूल समोर बघत बसणार. दुसरी काळी, बोजड, मूल गाडीच्या मागच्या काचेकडे तोंड करून बसणार. सेजलने लॅपटॉप ओट्यावर आणून ठेवला. विनोदिनीवहिनींनी चष्मा लावून पाहिलं आणि काढून ठेवला.

"पोराला बांधून ठेवणार? आणि तेही पाठमोरं? आपल्यात पोरं काय बसलीच नाहीत गाडीत? मांडी आहे की देवाने दिलेली."

"आई, आता रस्त्यावर ट्रक किती आहेत बघता ना तुम्ही," सेजल म्हणाली. "एका ओळीत दोनशे ट्रक असतात खाणीचे."

"ट्रक काय आज आले? कमलाक्षी, तू सांग हिला. तुझं ऐकेल."

कमलाक्षी हात पुसत होती. तिने लॅपटॉपजवळ जाऊन दोन्ही फोटो नीट पाहिले. मग विचारलं, "गाडी आपटली तर पोर कुठे जातं?"

सेजलने नवऱ्याने लिहिलेलं वाचून दाखवलं. समोर बघणारं मूल पट्ट्यावर ताणलं जातं, मानेला हिसका बसतो. पाठमोरं मूल खुर्चीच्या पाठीत दाबलं जातं, सगळा धक्का खुर्ची घेते.

"म्हणजे फेकलं जात नाही."

"नाही."

"काळी घे," कमलाक्षी म्हणाली. "पाठमोरी. आणि तिच्याशिवाय पोराला गाडीत घालू नकोस, कुणी काही म्हणो."

विनोदिनीवहिनी तिच्याकडे बघत राहिल्या. त्या जुन्या माणसांपैकी, त्यांना जीप आठवली असणार. मग गुडघा धरून उठल्या आणि आत गेल्या. खुर्ची काळीच आली.

दुसरा वाद खाण्याचा. पोराला हातात धरून खाता येईल असं काय द्यायचं? सेजलने बँकेतल्या प्रिंटरवर यादी छापून आणली होती, उकडलेल्या गाजराच्या फोडी, पिकलं केळं, मऊ भोपळा. वहिनींचं म्हणणं, नाचण्याचं सत्त्व चमच्याने द्यावं, हातात कशाला. आणि कमलाक्षीने पिशवीतून काकण काढलं. पोदेराकडून, म्हणजे पाववाल्याकडून, रोजचे उंडे पाव घेताना ती नेहमी दोन काकणं जादा घेई. बांगडीसारखा गोल, कडक भाजलेला तो पाव. मोठी माणसं चहात बुडवून खातात, आणि दात येणारी पोरं चोखत बसतात. पिढ्यान् पिढ्या बसली आहेत.

"डॉक्टरांनी कडक काही नको म्हटलंय, मावशी."

"कडक आहे म्हणूनच चांगलं. मोडत नाही. गोल आहे म्हणून मुठीत बसतं, घशात जात नाही. तुझं ते केळं निसटून आत गेलं म्हणजे?" आणि मग ती हसून म्हणाली, "खुर्चीच्या वेळी मी तुझी बाजू घेतली. आता काकणाला माझी घे."

सेजलही हसली. असा सौदा झाला, आणि घरात शांतता झाली. एक गोष्ट मात्र कमलाक्षीने बोलून दाखवली नाही, कारण ती बोलायची असते हेच तिच्या डोक्यात कधी आलं नव्हतं. काकण देताना पोर तिच्या मांडीवर असे. तिचा डावा तळवा पोराच्या हनुवटीखाली असे. लाळेने कड मऊ झाली की तिच्या बोटांना ते कळे, आणि ती काकण काढून फिरवून देई. हे ती करत होती हे तिचं तिलाही माहीत नव्हतं. हातच करत होते.

नवव्या महिन्याची लस टोचायला पणजीच्या डॉक्टरकडे जायचं ठरलं. वहिनींचा गुडघा सुजलेला. सेजल म्हणाली, "मावशी, तुम्ही या ना मागे बाबूजवळ. मी चालवते. मांडीवर घ्यायचंच नाहीये त्याला." चोवीस वर्षांत पहिल्यांदा कमलाक्षी हो म्हणाली. निघायच्या आधी सेजल तिला पट्टा दाखवू लागली, हे लाल बटण जोरात दाबायचं, मग पट्ट्याच्या दोन्ही जिभा सुटतात. कमलाक्षीने बोट लावून पाहिलं. तेलकट बोट घसरलं.

"राहू दे गो, तू आहेस ना."

साखळी गावचा पूल ओलांडला आणि ट्रक लागले. पुढे ट्रक, मागे ट्रक, सगळीकडे तांबडी धूळ, काचा वर केलेल्या. बाबू कुरकुरू लागला. पाठमोरा, त्याला आई दिसेना. कुरकुरीचं रडं झालं. कमलाक्षीने पिशवीतून काकण काढून त्याच्या मुठीत दिलं. तो चोखू लागला, शांत झाला. सेजलने पुढून विचारलं, "झोपला का?" "खातोय," कमलाक्षी म्हणाली.

आणि मग तिने समोर पाहिलं. सेजलच्या खांद्यावरून तिला पुढच्या ट्रकचा मागचा फाळका दिसत होता. ट्रक चालायचा, थांबायचा. थांबला की त्याचे दिवे लाल व्हायचे. तिने एका हाताने खुर्ची घट्ट धरली. ती मनात म्हणत होती, अंतर ठेव गो, अंतर ठेव. पुन्हा लाल दिवे. पुन्हा. तिचं सगळं ध्यान त्या फाळक्यावर. ज्या ब्रेकने एक पोर नेलं होतं, तो आता दुसऱ्याला नेऊ नये म्हणून ही बाई डोळ्यांत तेल घालून रस्ता राखत होती. किती वेळ गेला, तिला सांगता आलं नसतं.

मग तिच्या लक्षात आलं, की चोखण्याचा आवाज येत नाहीये.

तिने वळून पाहिलं. काकण बाबूच्या मांडीवर पडलं होतं आणि त्याचा एक भाग नव्हता. बाबूचं तोंड उघडं होतं, डोळे मोठे, ओठ जांभळट. रडत नव्हता. खोकत नव्हता. काहीच करत नव्हता.

"थांब," ती म्हणाली. ओरडलीसुद्धा नाही. "सेजल, थांबव गाडी."

तिने लाल बटण दाबलं. अंगठा घसरला. पदराने पुसून पुन्हा दाबला, एकच जीभ सुटली. सेजल गाडी मधेच सोडून मागच्या दारातून आत वाकली, आणि बटण सोडून पट्टाच ओढू लागली. मागचा ट्रक भोंगा वाजवत होता. "बटण दाब," कमलाक्षी म्हणाली, "दाब नीट." ते सुटलं तेव्हा बाबूची मान लुळी पडली होती.

कमलाक्षीने त्याला ओढून बाहेर काढलं, रस्त्याच्या कडेला धुळीत बसकण मारली, पाय लांब पसरले आणि त्याला नडग्यांवर पालथं घातलं. डोकं खाली, हनुवटी तळव्यात. न्हाणीत हजारदा घातलं होतं तसं. आणि पाठीवर थापा मारल्या. एक, दोन. तिसरी अशी मारली की सेजल किंचाळली. चौथ्या थापेला चिकट, पांढरा गोळा कमलाक्षीच्या तळव्यात पडला. मग मोठी शांतता, आणि मग बाबू रडला. ट्रकांच्या आवाजावर चढेल असा रडला.

कमलाक्षी त्याला तसाच धरून बसली.

पोर वाचलं. डॉक्टरने तपासून काही नाही म्हणून सांगितलं. संध्याकाळपर्यंत गोष्ट कारापूरभर झाली, आणि गावाने ती आपल्या पद्धतीने नीट बसवून घेतली. त्या काळ्या खुर्चीने पोराचा जीव घेतला असता. बांधून ठेवलेलं पोर, सुटेना की वाकेना. मांडीवर असतं तर त्या क्षणाला कळलं असतं. देवासारखी कमलाक्षी होती म्हणून. बायका तिला बघायला आल्या. विनोदिनीवहिनींनी तिची ओटी भरली आणि खुर्ची माळ्यावर टाकायला लावली.

चार दिवसांनी सगळी पेडण्याला निघाली, देवीला बाबूसाठी बोललेला नवस फेडायला. भाड्याची गाडी दारात उभी होती. कमलाक्षीला निरोप कळला तशी ती चालत, जवळजवळ धावत आली.

"वहिनी, खुर्ची काढा खाली," ती म्हणाली. "काकण मी दिलं होतं. खुर्चीने काही केलं नाही. मी दिलं, आणि मी बघितलं नाही."

"काहीतरीच बोलू नकोस. काकणाने कधी कुणाच्या पोराला काय झालंय? माझ्या साईशने दहा खाल्ली असतील."

"माझी ज्योती मांडीवर होती."

चोवीस वर्षांत तिच्या तोंडून ते नाव कुणी ऐकलं नव्हतं.

"दोन्ही हातांनी धरली होती मी तिला," कमलाक्षी म्हणाली. "तुम्ही सगळे म्हणता हात सुटला. नव्हता सुटला, वहिनी. मांडीवरचं पोर धरलेलं राहत नाही. कुणाच्याच हातात राहत नाही. मी सांगते ना, मला माहीत आहे."

विनोदिनीवहिनींनी तिच्या खांद्यावर हात ठेवला, मायेनेच ठेवला. "तू तेव्हा तरणी पोर होतीस गो. नवखी होतीस. होतं असं. आता त्याचं नको मनाला लावून घेऊस."

कमलाक्षीने सेजलकडे पाहिलं. सेजलला सगळं कळलं होतं, तिच्या डोळ्यांत ते दिसत होतं. पण ती मान हलवत राहिली. "मला नाही जमणार, मावशी. तो पट्टा पुन्हा अडकला तर मला सोडवता यायचा नाही. आजच्या दिवस मांडीवर असू दे. मी घट्ट धरेन."

ती पुढच्या सीटवर बसली, बाबूला मांडीवर घेतलं, दोन्ही हातांची मिठी घातली. मागून विनोदिनीवहिनींनी हात पुढे केला. पोर वाटेत रडू नये म्हणून त्यांनी सकाळीच पोदेराकडून ताजं काकण घेऊन ठेवलं होतं. बाबूने ते मुठीत धरलं, काचेतून कमलाक्षीकडे बघून दोन दात दाखवले, आणि गाडी ट्रकांच्या रस्त्याला लागली.