आधी दोन फेरे हातानं

माझ्या गाडीची चावी सिद्रामप्पांनी स्वतःच्या कडदोऱ्याला बांधून ठेवली होती. गाडी माझी, अंगण माझं आणि चावी शेजाऱ्याच्या कमरेला! मागितली की म्हणायचे, "तडी मास्तर, तडी." तडी म्हणजे कन्नडमध्ये थांब. तो शब्द ऐकून ऐकून माझे कान किटले होते.

चिंचोळी एमआयडीसीत जन्मभर फिटरकी करून निवृत्त झालेला माणूस. गल्लीत कुणाचं बॉनेट उघडं दिसलं की यांचं डोकं आत. त्या रविवारी माझ्या जुन्या गाडीच्या टायमिंग बेल्टवर नख ओढून म्हणाले, "ह्यो पट्टा अक्कलकोटला जातोय, माघारी येत न्हाय." शुक्रवारी बहिणीला बाळंतपणासाठी अक्कलकोटहून आणायचं होतं. "ग्यारेज कशाला? मी हाय की!" आणि मी शहाणा हो म्हणालो.

सोमवार, मंगळवार पट्ट्यापर्यंत पोचण्यात गेले. बुधवारभर एकेक नट रॉकेलनं धुवून वर्तमानपत्रावर मांडत बसले. गुरुवारी पट्टा फिरवणाऱ्या दातेरी चाकांवर जुळणीच्या खुणा केल्या, त्याही कपाळाला लावायच्या विभूतीनं! घरात रंगाची डबी होती हो! "द्येवाची खूण हाय, चुकत न्हाय," म्हणे.

शुक्रवारी सकाळी जुना पट्टा काढला आणि हे लिंगपूजेला घरी गेले. पूजा तासभर चालायची. तिकडे बहीण पिशव्या भरून बसलेली. माझं डोकं फिरलं. मीच नवा पट्टा चढवायला घेतला. त्या झटापटीत बाही लागून एक खूण पुसली गेली, तरी अंदाजानं चढवलाच.

सिद्रामप्पा आले. "खुणा जुळल्या न्हवं?"

"जुळल्या की!" मी ठोकून दिलं. "आता मारा चावी."

"तडी. आदी दोन फेरे हातानं."

पाना लावून त्यांनी इंजिन हळूहळू फिरवलं. अर्ध्या फेऱ्यात ते अडलं. त्यांनी पुसलेली खूण पाहिली, मग माझ्या बाहीला लागलेली विभूती. "चावी मारली असती तर आतलं सगळं वाकलं असतं, मास्तर," एवढंच बोलून पट्टा उतरवला.

शेवटी बहीण भाड्याच्या जीपमधून आली. कंबर धरून उतरली आणि सगळ्या गल्लीसमोर कडाडली, "घरची गाडी कुठंय?" मी तोंड उघडण्याआधीच सिद्रामप्पा म्हणाले, "माजाच हात चुकला बाई. वय झालं." आणि मी गप्प बसलो. लाज वाटते सांगायला, पण बसलो.

शनिवारी गाडी पहिल्या चावीला सुरू झाली. पण म्हाताऱ्याचा हात चुकतो, हे गल्लीत पसरलं ते पसरलंच. लोक मोटारसायकली दुसरीकडे नेऊ लागले. बॉनेट उघडं दिसलं तरी सिद्रामप्पा कट्ट्यावरून उठेनासे झाले. तेव्हा तरी मी बोलायला हवं होतं.

यंदाच्या उन्हाळ्यात ते गेले. त्यांच्या बायकोला, मामींना, भेटायला गेलो तर तिथं कुणीतरी म्हणालं, "कारागीर मोठा, पण शेवटी हात चुकायला लागला होता."

"चुकला नव्हता!" मी ओरडलोच. "मामी, तो पट्टा मी चुकीचा चढवला होता."

मामींनी डोळ्यांना लावलेला पदर काढला. "मला म्हाईत हाय की. त्याच दिवशी सांगितलं त्येंनी. म्हनले, कुटं बोलू नगं. मास्तर लाजला तर परत पान्याला हात लावनार न्हाय."